फोंड्याला मुक्काम, रोज एक पान

गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

कोल्हापुरात कुणाला ‘फोंड्याला चाललोय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘घाटाखालच्या का?’ नाही हो, गोव्यातल्या. तिथं माझा मावसभाऊ राहतो. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. उमेदीची सगळी वर्षं त्यानं एका छापखान्यात काढली. आता गुडघे धरून बसतो आणि सकाळी तीन वर्तमानपत्रं वाचतो. दर दिवाळीला ‘ये रे एकदा’ म्हणायचा. यंदा गेलो.

जायला कारणही होतं. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून स्थिरचित्राची मडकी काढून घेतली. पण माझा खरा जीव व्यंगचित्रांत. घरी एक लोखंडी कपाट निव्वळ दिवाळी अंकांचं आहे आणि त्यावरून वर्षातून एकदा भांडण होतं. यंदा जुलैमध्ये शि. द. फडणीसांची शंभरी झाली. येत्या मे महिन्यात गोव्याच्या मारिओ मिरांडांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. मध्ये जानेवारीत बाळ ठाकरे. आणि १९२७च्या फेब्रुवारीत वसंत सरवटे, तेही आमच्या कोल्हापुरात जन्मलेले, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. दोन वर्षांच्या आत ही चार माणसं जन्माला आली. यांतल्या तिघांना मी कपाटातून रोज भेटतो. मारिओंना मात्र इंग्रजी मासिकांच्या जुन्या कात्रणांतच पाहिलेलं. म्हटलं, त्यांच्या लोटली गावात जाऊन बघावं.

मारिओ लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे, म्हणून आईनं कोरी वही आणून दिली. पुढं ते चित्रांची रोजनिशी ठेवायला लागले. आज गावात काय झालं, कोण भेटलं, कोण भांडलं, सगळं चित्रात आणि दोन ओळी मजकूर. मीही निघताना शंभर पानी कोरी वही घेतली. रोज एक पान. निवृत्त माणसाला एवढं जमायला काय हरकत आहे?

आजरा-आंबोलीमार्गे आलो. पहिल्या पानावर समोरच्या सीटची दांडी आहे. तीही वाकडी. आंबोलीच्या वळणांवर याहून जास्त काही निघालं नाही.

पणजीला उतरून कदंबाची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, फोंड्याची बस धरली. दादाच्या दारात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, मोकळ्या जागेत बांबूचा एक सांगाडा उभा होता, दहा-बारा फुटांचा, डोकं नसलेला. आजूबाजूला आठ-दहा पोरं. ‘नरकासुर, दिवाळीच्या पहाटे जाळायचा,’ वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, रविवारपर्यंत झोप मिळेल असं समजू नका.’

जेवताना मी दादाला छापखान्याबद्दल विचारलं. चित्रं छापायचे जुने ब्लॉक काही उरलेत का? ‘एक डबा आहे माळ्यावर,’ तो म्हणाला, ‘काढूया.’ गोव्यात ‘काढूया’ म्हणजे आज नव्हे, हे मला ठाऊक होतं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. दिवाळीच्या आधीचा, म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. मयड्याची मोठी केळी, मडकी, खाजें, सुक्या मिरच्यांचे ढीग, लाल माळांसारखी टांगलेली चोरीस, म्हणजे गोव्याची सॉसेजं. आणि यंदाच्या शुक्रवारी जास्तीचं म्हणजे नरकासुराचे मुखवटे. दोरीवर ओळीनं टांगलेले, तांबडे, निळे, हिरवे. सगळ्यांचे डोळे बाहेर आलेले, सगळ्यांना सुळे. एका दुकानदाराला विचारलं, हे एवढे सारखे कसे? म्हणाला, साचा एक, रंग वेगळे. मग एक मुखवटा हातात घेऊन आतून बघितला. कागदाचे थर, त्यात अर्धवट दिसणारी अक्षरं. वर्तमानपत्रच. हे लक्षात ठेवलं, कारण पुढं रविवारी तेच वर्तमानपत्र दुसऱ्या जागी भेटलं.

हा बाजार बघायला मी मुद्दाम आलो त्याला कारण आहे. गोवा विद्यापीठात मारिओ मिरांडांच्या नावानं एक अध्यासन आहे. त्यावर ओरिजित सेन होते तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन हाच बाजार चित्रांतून मांडायचा प्रकल्प केला. ओरिजित सेन म्हणजे नर्मदेच्या धरणावर १९९४मध्ये ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ काढणारे. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी, म्हणून तिचंच नाव घेतात. अशा माणसानं पोरांना वर्गात न बसवता बाजारात बसवलं, हे मला फार आवडलं. कोण कुठून काय आणतं, कुणाची बसायची जागा कुठली, हे बघत चित्र काढायचं. मी शाळेत तीस वर्षं टेबलावर मडकं ठेवून ‘काढा’ म्हणत होतो. मडकं विकणारी बाई कधी वर्गात आणली नाही. आणली असती तर मुख्याध्यापकांनी मलाच बाहेर काढलं असतं, ते सोडा.

एका मडकीवालीच्या समोर कट्ट्यावर बसून वही उघडली. तिनं पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, ‘कितें बरयतात?’ लिहीत नाही, चित्र काढतोय म्हटलं. वही मागून घेतली, बघितली आणि म्हणाली की माझी डावीकडची मडकी राहिली. खरंच राहिली होती. मी तिची पथारी उजवीकडेच संपवली होती. काढली. आजचं पान बरं झालं.

दुपारी तोर्ड्याला जायचं होतं, पर्वरीजवळ. बस कुठली, कशी, याचा घोळ झाला. शेवटी पायलट केला. कोल्हापूरकरांसाठी सांगतो, गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलवर मागं बसवून नेणारा भाडेवाला. विमानाचा विचार करू नका, वेगाचा मात्र करा.

तोर्ड्याला रस्त्याच्या मधोमध, चारी बाजूंनी वाट सोडून, जहाजासारखी एक त्रिकोणी इमारत उभी आहे. ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे गोव्यातल्या घरांचं संग्रहालय, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी बांधलेलं. मारिओंची चित्रं गोळा करून, लावून, छापून लोकांपुढं ठेवण्याचं कामही त्यांचंच. तिथंच मारिओ गॅलरी आहे.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती दुकान. कप, फरशा, टी-शर्ट, पोस्टकार्डं, फ्रीजवर चिकटवायचे चुंबक. मला जरा वाईट वाटलं, मग स्वतःचाच राग आला. फडणीसांचं एखादं चित्र चहाच्या कपावर मिळालं असतं तर मी सहा कप घेतले असते. मराठीत आपण व्यंगचित्रकाराला दिवाळी अंकात ठेवतो आणि अंक रद्दीत. इथं निदान माणूस घरोघर पोचला.

पण दुसरं गाऱ्हाणं खरं आहे. मी पाहिलेल्या बहुतेक प्रती छपाईच्या होत्या. छापील प्रतीत पेन्सिलची रेघ दिसत नाही, शाई कुठं थबकली ते कळत नाही. मला तेच बघायचं होतं. मग एका मोठ्या प्रतीसमोर उभं राहून मी दुसरा उद्योग केला, मोजणी. गावातल्या गुत्त्याचं दृश्य. माणसं मोजली, कुत्री मोजली, कावळे मोजले. तीनदा मोजली, तीनदा वेगळा आकडा. प्रत्येक माणसाच्या शर्टाला वेगळी नक्षी: एकाला ठिपके, एकाला चौकडी, एकाला उभ्या रेघा. कौलांचं प्रत्येक कौल वेगळं. कुठंही ‘इथं आता इत्यादी’ असं नाही. मधल्या टेबलावरची बाई कुणाकडं बघत नाही, सगळे तिच्याकडं बघताहेत. कोपऱ्यातला कुत्रा तेवढा झोपलेला.

रोजनिशीचीही पुस्तकं होती, १९५०-५१च्या सुमाराची पानं जशीच्या तशी छापलेली. ती मी उभ्याउभ्या तासभर चाळली. मारिओ तेव्हा पंचविशीच्या आतले. मुंबईत झेवियर्समधून इतिहास घेऊन बीए झालेले, चित्रकलेचं शिक्षण कुठलंच नाही. पानापानावर चर्च, लग्न, मयत, बस, पाऊस, पाद्री, पोरी. पुढं जी मिस निंबूपाणी, मिस फोन्सेका, बंडलदास मंत्री आणि गोडबोले कारकून इंग्रजी वाचकांना पाठ झाले, त्यांचे आजी-आजोबा या पानांत हिंडत होते. मुंबईनं मारिओंना घडवलं असं म्हणतात. मला तर वाटलं, मुंबईच्या नोकरीत ते लोटलीचेच शेजारी वेगवेगळे कपडे घालून बसवत होते.

पुस्तक महाग होतं. घेतलं. वहिनींना निम्मी किंमत सांगितली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पणजी. सकाळी बस मिळेपर्यंत स्टँडसमोर पातळभाजी-पाव आणि मिरचीची भजी. यावर एक पान लिहिता येईल, पण हाताला तेल होतं.

आधी इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. तिथल्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या फरश्यांची मोठी चित्रं आहेत, पोर्तुगीज लोक त्यांना अझुलेजो म्हणतात. कामोंइशच्या ‘लुझियाद’ महाकाव्यातले प्रसंग, १९३५चं काम, चित्रकार जॉर्ज कुलासु. वास्को द गामाची जहाजं, दरबार, वादळं. मला यातली गंमत वेगळीच दिसली. चौकोनी फरश्यांची जाळी प्रत्येक चित्रावरून जाते आणि सांध्यावर कुठं एखादं नाक केसभर सरकतं, कुठं शिडाची रेघ तुटते. आणि एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडं जाताना गोष्ट पुढं सरकते. आपण चालतो, चित्र थांबतं. यालाच आज पोरं कॉमिक म्हणतात. आमच्याकडं याच कामासाठी पैठणची आणि पिंगुळीची चित्रकथी होती: पोथीतली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि गोष्ट सांगायची. पिंगुळी तर इथून हाकेवर, कुडाळला. साम्राज्याच्या गौरवासाठी भिंत सजवायची आणि ठाकर समाजातल्या चित्रकथ्यानं देवळात पोथी धरायची, यांत अंतर आहेच. पण चौकट-चौकट पुढं जाण्याची युक्ती दोघांनाही ठाऊक.

तिथून पणजी मार्केट. भाजी-नारळाच्या गजबजाटात वर बघा, भिंतीवर मारिओंची माणसं मोठ्या आकारात. मी बघत उभा राहिलो तर मागून एका बाईनं पिशवीनं ढोसलं, ‘फुडें सर मरे.’ कुणी वर बघत नव्हतं. भिंतीवरची कोळीण आणि खालची कोळीण एकाच टोपलीच्या दोन बाजूंना बसल्यासारख्या. खालच्या बाईला विचारलं, हे कुणी काढलंय माहीत आहे? ‘मारिओ,’ ती म्हणाली, न बघताच, आणि बांगड्याचा भाव सांगितला.

दुपारी पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. १८३२पासूनचं ग्रंथालय, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत धरतात. इमारत नवीकोरी, थंडगार. मला मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळायच्या होत्या. गोव्यात ‘गोमन्तक’ सुरू झाला तो मार्च १९६२मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर तीन महिन्यांत. त्याआधी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या सेन्सॉरखाली राजकीय व्यंगचित्र काढणं म्हणजे तुरुंगाला निमंत्रण. म्हणून इथल्या रोजच्या पॉकेट कार्टूनची, म्हणजे रकान्याएवढ्या छोट्या व्यंगचित्राची, परंपरा आपल्याहून वयानं लहान. आणि ज्यांच्या हातात कला होती ते मुंबईला गेले. मारिओ गेले. त्यांच्या आधी दीनानाथ दलाल गेले, तेही गोव्याचेच, १९१६चा जन्म. ‘दीपावली’ अंक १९४५मध्ये सुरू करणारे दलाल आपण मुखपृष्ठांवरच्या देखण्या बायकांसाठी लक्षात ठेवले. त्यांची व्यंगचित्रं बघा कधी, दोन रेघांत माणूस उभा करायचे. कपाटातला माझा सगळ्यात जुना ऐवज त्यांचाच आहे.

नंतरच्या काळात मात्र इथंच राहून काढणारे आले. शिवोलीच्या अलेक्सिझ यांनी गोव्याच्या इंग्रजी पत्रांतून वर्षानुवर्षं इथल्या जमीन-विक्यांची आणि पुढाऱ्यांची टोपी उडवली. मराठी पत्रांत मात्र, फायली चाळताना जाणवलं, व्यंगचित्राची जागा कधी आहे, कधी नाही. एखाद्या वर्षी रोज, मग महिनोन् महिने गायब. चित्रकार गेला की जागा जाहिरातीला.

परतीच्या वाटेवर आल्तिन्होची टेकडी चढून गोवा कला महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत गेलो. १९७२ची संस्था, एके काळी चित्रकार लक्ष्मण पै प्राचार्य होते. अमृता पाटील इथल्याच, १९९९च्या पदवीधर. २००८मध्ये त्यांची ‘कारी’ आली. भारतीय बाईनं काढलेल्या ग्राफिक कादंबऱ्यांत ती अगदी पहिल्यांतली. पुढं त्यांनी महाभारतावर रंगांची मोठी पुस्तकं केली. माझ्या भाचीनं मला ती वाचायला लावली. पहिल्यांदा मला समजली नाहीत. कारण मी चित्राखालची ओळ शोधत होतो आणि इथं ओळ चित्राच्या पोटात होती.

दिवाळीची सुट्टी, फाटक बंद. पहारेकऱ्याला म्हटलं, मीही चित्रकला शिकवायचो. तो म्हणाला, ‘सोमवारानंतर’. फाटकासमोरच्या झाडाचं चित्र काढलं. झाडाला सुट्टी नव्हती.

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी दादाला घेऊन लोटलीला. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडला की आलंच. दादा तीनदा म्हणाला, ‘गुडघे’, तरी आला.

मारिओंचं घर तीनशे वर्षांचं सांगतात. लांबलचक, खिडक्याच खिडक्या. श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’चं चित्रीकरण याच घरातलं, १९८५चा चित्रपट. खासगी घर आहे, आम्ही बाहेरूनच बघितलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी वही काढली. दादा म्हणाला, एवढ्या खिडक्या मोजत बसणार का? मोजल्या, पण हे घर त्यांनीच काढून ठेवलंय, मी काय काढू? मग समोरून सायकलवर पाववाला आला, हॉर्न दाबत. दोन घरांतून दोन बायका बाहेर आल्या. एकीच्या अंगावर गाऊन, खांद्यावर टॉवेल. दुसरी पैसे देताना तिसऱ्याच घराकडं तोंड करून बोलत होती. मी पाववाला काढला. टोपलीवरचं निळं प्लास्टिक बरं आलं, माणसाचे पाय बिघडले.

मारिओ ११ डिसेंबर २०११ला याच गावात गेले. दहन झालं मडगावला, कुठलेही धार्मिक विधी न करता, त्यांच्या इच्छेप्रमाणे. पद्मविभूषण त्यानंतर जाहीर झालं. दादा म्हणाला, ‘त्या दिवशी मी दुसऱ्या दिवसाचं पान बघत होतो. फोटो लावू की त्यांचंच एखादं चित्र, यावर खूप वाद.’ मग काय लावलं? ‘फोटो. चित्राला परवानगी कोण घेणार रात्री.’

जवळच ‘अँसेस्ट्रल गोवा’ या संग्रहालयात जांभ्या दगडात कोरलेली झोपलेली मीराबाई आहे, चौदा मीटर लांब, महेंद्र आल्वारिस यांनी १९९४मध्ये एका महिन्यात एकट्यानं कोरलेली. बघितली, पुढं गेलो.

खरा दिवस रात्री सुरू झाला.

दादाचा नातू, अकरावीतला, नरकासुराच्या टोळीत ‘डोकं’ विभागात. गुरुवारचा सांगाडा आता मांसल झाला होता: आत गवत भरलेलं, वरून वर्तमानपत्राचे थर, मैद्याच्या खळीनं चिकटवलेले. मी मदत करतो म्हटलं तर पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग एकानं मला खळीचं डबडं आणि डावी मांडी दिली. मी मांडीवर कागद चिकटवायला लागलो आणि थांबलो. हातातल्या पानावर पट्टीचित्र होतं, तीन चौकटींचं, परदेशातून विकत घेऊन छापतात तसलं. खाली त्याच दिवसाचं राशिभविष्य. दादाला हाक मारून दाखवलं. ‘लाव,’ तो म्हणाला, ‘तसंही उद्या रद्दीतच.’ लावलं. मांडीवर मध्यभागी, सरळ.

डोक्याची चर्चा मात्र तासभर चालली. मुखवटा म्हापशाहून आणलेला, साचा एक रंग वेगळे त्यातला. पण भुवया आणि मिश्या आपल्या, असं पोरांचं ठरलेलं. मिशी कुणाची द्यायची? एक नाव पुढं आलं, सगळे हसले. दुसरं नाव आलं, आणखी हसले. नातवानं काथ्याची मिशी चिकटवली, खालच्या टोकाला किंचित वळवली आणि दोन पावलं मागं आला. आणि काय सांगू, साच्यातला राक्षस जाऊन तिथं माणूस आला. गावातला, रोज भेटणारा, वरून हसणारा. पोरं खिंकाळली. वहिनी पडवीतून म्हणाल्या, ‘टोक सरळ करा रे, त्यांच्या घरावरून मिरवणूक जायची आहे.’ टोक सरळ केलं. सारखेपणा गेला नाही. मी वर्षानुवर्षं मुलांना सांगायचो, अर्कचित्रात नाक मोठं करू नका, फक्त जे आहे ते पकडा. या पोरानं दोन आण्यांच्या काथ्यात ते पकडलं आणि त्याला ते व्यंगचित्र आहे हे ठाऊकही नाही.

मग डीजे सुरू झाला. वाड्यावाड्यांवर स्पर्धा, बक्षिसं, प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या वर. तो प्रकार मला आवडला नाही, छाती धडधडते. कानात कापूस घालून बारापर्यंत टिकलो.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे नरकासुर जाळला. आधी कृष्ण झालेल्या एका छोट्या मुलानं पुठ्ठ्याचं चक्र मारलं, मग आग, मग पोटातले फटाके. डावी मांडी सगळ्यात शेवटी पेटली, खळ जास्त झाली असावी. मिशी पहिल्या झटक्यात गेली.

अभ्यंगस्नान, तुळशीपुढं कारीट फोडणं आणि मग फोव. गोव्यात दिवाळीच्या सकाळी पोह्यांचे इतके प्रकार पानात येतात की मोजायचं सोडून द्यावं: दुधातले, ताकातले, रोसातले, बटाट्याचे, तिखटाचे. जोडीला काळ्या वाटाण्याचं सांबारं. दिवाळी अंक अजून यायचे होते. दादानं एकच मागवलेला होता, तोही वहिनींनी आधी उघडलेला.

आणि जेवल्यावर दादा स्वतःहून माळ्यावर चढला. गुडघे विसरला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले जस्ताचे ब्लॉक, लाकडावर ठोकलेले. कोपऱ्यांचे खिळे गंजलेले.

वर्तमानपत्रांत हे आता कुणी वापरत नाही म्हणून सांगतो. चित्रकारानं काळ्या शाईनं काढलेल्या चित्राचा फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथं रेघ तिथं जस्त टिकतं, बाकीचं खातं. उरलेली उंच रेघ शाई घेते. म्हणजे मधला करडा रंग नाहीच, एक तर काळं नाही तर कोरं. करडं हवं असेल तर चित्रकारानं रेघांवर रेघा मारायच्या किंवा ठिपके. जाळी घालून करड्याचेही ब्लॉक व्हायचे, पण वर्तमानपत्राच्या भरड कागदावर त्याचा चिखल व्हायचा. आणि पैसे चौरस इंचावर. दादा म्हणाला, ‘मालक फूटपट्टी घेऊन बसायचा. चित्रकाराला म्हणायचा, आभाळ कशाला काढलंस? कोऱ्याचेपण पैसे पडतात.’ मारिओंच्या शर्टांवरच्या ठिपक्या-चौकड्या मला शुक्रवारी हौस वाटल्या होत्या. आता डबा मांडीवर घेऊन बसल्यावर वाटलं, निम्मी हौस, निम्मा जस्ताचा हुकूम.

एकेक ब्लॉक उघडला. बहुतेक जाहिराती: छत्र्या, सोनार, एक नाट्यप्रयोग. आणि तळाशी तळहाताएवढं एक व्यंगचित्र. फेरीबोट, माणसांनी खचाखच. स्कूटर, कोंबड्या, टोपल्या. मागं पाण्यातून वर आलेले पुलाचे तुटके खांब. बोटीच्या टोकाला टोपीवाला एक माणूस खांबांकडं बोट दाखवून शेजाऱ्याला काहीतरी सांगतोय.

‘शहाऐंशी,’ दादा लगेच म्हणाला. मांडवीवरचा नेहरू पूल पडला तो ५ जुलै १९८६ला, बांधून सोळा वर्षंही नीट झाली नव्हती. पुन्हा फेरीबोटी आल्या. दादाचा छापखाना तेव्हा एक साप्ताहिक छापायचा, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून. हे चित्र त्यातलं.

‘पण खाली काय होतं?’ मी विचारलं. चित्राखालची ओळ वेगळी जुळवायचे, खिळ्यांनी. छापून झालं की खिळे सोडून परत खणात. म्हणजे चित्र राहिलं, बोलणं गेलं. चित्रकाराची सही होती, पण ॲसिडनं खाल्लेली. दादानं डोळे मिटले. ‘मीच जुळवली होती रे ती ओळ. हसत हसत जुळवली, एवढं आठवतंय.’

वहिनींना दाखवलं. त्या तेव्हा पर्वरीहून पणजीला नोकरीला जायच्या, लग्नाआधी. त्यांनी ब्लॉक उजेडाकडं तिरका धरला. ‘ही मीच असेन,’ टोपल्यांमागच्या एका बाईवर बोट ठेवून म्हणाल्या. ओळ त्यांनाही आठवेना. नातू झोपेतून उठून आला, चेहऱ्यावर काजळी. त्यानं दोन ओळी सुचवल्या, दोन्ही इथं लिहिण्यासारख्या नाहीत. दादाला दुसरी आवडली.

शाई नव्हती. रबरी शिक्क्याच्या पॅडवर ब्लॉक दाबला आणि वहीवर ठेवून अंगठ्यांनी रेटला. पहिली प्रत फिकी. दुसरीत खांब आले, माणसं गेली. तिसऱ्या वेळी दादानं मला बाजूला सरकवलं, ब्लॉकखाली घडी केलेला कागद घातला, वरून लाटणं फिरवलं. वहिनी ‘माझं लाटणं!’ म्हणेपर्यंत काम झालं होतं. कोंबडीचं पीस न् पीस उमटलं. ब्लॉकमध्ये टोपीवाला डाव्या हातानं बोट दाखवत होता, कागदावर उजव्या हातानं.

सोमवारच्या पानावर हेच चित्र आहे, माझं काही नाही. त्याखाली दोन ओळींची जागा सोडली आहे.